रास झाली की तुमच्या घरी

आमच्या घराची एक भिंत दरवर्षी नवी असायची. बाकीच्या तीन मातीच्या होत्या, आणि पडवीकडची चौथी तुराट्यांची. तूर झोडून दाणे निघाले की मागे ज्या वाळक्या काटक्या उरतात त्या तुराट्या. त्या शेजारी शेजारी उभ्या बांधायच्या, वरून शेणमाती लिंपायची, की झाला कूड. पावसाळ्यात त्याचं लिंपण गळून जायचं, दिवाळीपर्यंत काटक्या उघड्या पडायच्या, आणि थंडीत वारा त्या फटींतून असा आत यायचा की तोही आमच्याच घरचा. माय त्या भिंतीवर पोतं टांगायची आणि म्हणायची, "रास झाली की नवी घालू."

रास म्हणजे मळणी होऊन खळ्यावर पडलेला धान्याचा ढीग, आणि आमच्या घरात सगळं रास झाल्यावर व्हायचं. माझी चप्पल रास झाल्यावर. अप्पाच्या खोकल्याचं औषध रास झाल्यावर. आणि ती रास तरी आमची कुठं होती? पाटलाची होती. आम्हाला शेतच नव्हतं. माय पाटलाच्या तुरीत कापणीला जायची. तूर कापायची ती दव असेपर्यंत. ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणे मातीत सांडतात. म्हणून बाया उजाडायच्या आधीच पदर कानाला घट्ट बांधून निघायच्या. माय परत यायची तेव्हा तिच्या केसांत, पापण्यांवर तुरीचा भुसा असायचा आणि हाताच्या रेघा काळ्या चिकट झालेल्या असायच्या. अप्पा ह्या दिवसांत गुलबर्ग्याला डाळीच्या गिरणीत पोती उचलायला जायचा. आमच्या गावची तूर आणि आमचा अप्पा बहुतेक एकाच लॉरीनं जायचे. तुरीला आत जागा, अप्पाला वर.

हे सगळं आज आठवायचं कारण बसची खिडकी. मी गुलबर्ग्यात एका शाळेत शिकवते. बी.ए., बी.एड. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. शनिवारी शाळा सुटली की बस धरते, हुमनाबाद मागे टाकते, मन्नाएखेळ्ळीच्या अलीकडे फाट्यावर उतरते आणि चालत आत गावाला जाते. परवा हुमनाबादच्या पुढे खिडकी उघडी राहिली होती. बाहेर मळणीयंत्र चालू होतं आणि वाऱ्यावर तो वास आला. वाळलेल्या तुरीचा वास कसा, हे मला नीट सांगता येणार नाही. थोडा गोड, थोडा धुळीचा, घशात खवखवणारा. शेजारची बाई म्हणाली, "खिडकी लावा की हो, भुसा यायलाय." मी लावली नाही. तिला राग आला असेल. येऊ दे.

त्या वासात मला शांतक्का दिसते.

शांतक्का कानडी बोलणारी, गुलबर्ग्याकडची. तिचे यजमान आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून बदलून आले होते. ती दोघं एका लहानशा गटातली होती. त्या मंडळींना ना देऊळ, ना मठ, ना पुजारी. बीदर, हुमनाबाद, गुलबर्गा इथली काही घरं अधूनमधून कुणाच्या तरी अंगणात जमायची, सगळ्या धर्मांतलं थोडं थोडं वाचायची, गायची आणि एकत्र जेवायची. माणसं वेगळ्या वाटांनी आली तरी येण्याची जागा एकच, असं त्यांचं म्हणणं. गावाला ह्यातलं फारसं काही पटलं नव्हतं. पण ज्याच्या हातात म्हशीचं औषध त्याच्या बायकोला नाही कोण म्हणणार? अक्कानं रविवारी सकाळी पोरांचा वर्ग काढला आणि सगळ्या गल्ल्यांतली पोरं जायला लागली.

आधी वर्ग तिच्याच ओसरीवर भरायचा. मग एक दिवस ती म्हणाली, "पुढच्या रविवारी नसीमच्या घरी बसायचं." कुणीतरी विचारलं, "कामून अक्का? इथं काय झालं?" ती म्हणाली, "धर्म माझ्या ओसरीवर नसतोय रे. तो ज्याच्या त्याच्या घरात असतोय. तिथं जाऊन बघायला नको?"

तेव्हापासून वर्ग घरोघर फिरायला लागला. त्याचे नियम अक्कानंच घालून दिले होते. ज्याच्या घरी वर्ग, तोच त्या दिवशी मास्तर. त्याच्या घरात जे म्हणतात ते त्यानं आम्हाला शिकवायचं, मग ते कानडी असो, अरबी असो, काहीही असो. मग सगळ्यांनी त्या घरचं पाणी प्यायचं. आणि उठायच्या आधी अक्का विचारायची, "आज ह्या घरातनं काय घेऊन चाललात?" प्रत्येकानं काहीतरी सांगायचंच. आपण मोठी मोठी उत्तरं द्यावीत असं तिला वाटत नव्हतं. दया, शांती असलं कुणी म्हणालं की ती म्हणायची, "ते कुठं दिसलं तुला? मला पण दाखव." मग पोरं गप्प.

नसीमच्या बापाचं सायकलचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. तिच्या आजोबांनी आम्हाला दुआ मागायला हात कसे धरायचे ते शिकवलं. म्हणाले, "ऐसे पकडो, जैसे पानी लेतें. गिराना नक्को." आम्ही सगळ्यांनी ओंजळी धरल्या आणि इतक्या जपून धरल्या की कुणी हलेना. त्या दिवशी घेऊन काय चाललात म्हटल्यावर मी म्हणाले, "पंक्चर चिकटवायच्या सोल्युशनचा वास." नसीम चिडली. "कैकू गे, मेरे घर में वहीच मिला क्या?" अक्का मात्र हसली नाही. तिनं नाक वर करून वास घेतला आणि कानडीत होकार भरला, "हौद, हौद. खरंच छान वास आहे."

गंगूचं घर लिंगायतांचं, गल्लीतलं मोठं. दारात बैलजोडी, आत सागवानी खांब. तिच्या आजीनं डाव्या तळव्यावर इष्टलिंग घेतलं आणि कानडीत एक वचन म्हटलं. काय म्हटलं ते मला कळलं नाही, पण इतक्या थकलेल्या बाईच्या गळ्यातून इतका तरणा आवाज निघतो ह्याचं मला नवल वाटलं. मी ओट्यावर बसले होते. मला तिथं बस असं कुणी म्हणालं नव्हतं, मीच बसले. आमच्या गल्लीतल्या पोरांना कुठं बसायचं ते सांगावं लागत नसे. थोड्या वेळानं अक्का आतून उठून बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. "आत उकडतंय," म्हणाली. थंडीचे दिवस होते. मग पाणी आलं. सगळ्यांना फुलपात्रं, मला वरून ओंजळीत. अक्कानंही पदर सावरला, फुलपात्र बाजूला ठेवलं आणि ओंजळ पुढे केली. गंगूची आजी घटकाभर बघत राहिली. मग तिनं अक्काच्या ओंजळीत पाणी ओतलं. 

त्या घरातून निघताना अक्का म्हणाली, "पुढचं घर सुजाचं."

सुजा म्हणजे मी, सुजाता. मी पळतच घरी आले. माय चुलीपुढे होती. "माय, वर्ग आपल्या घरी यायलाय!"  तिनं त्या भिंतीकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, उघड्या पडलेल्या काटक्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "यायलाय तर येऊ दे. रास झाली की बोलव."

पुढच्या रविवारी मी गंगूला विचारलं, आमच्या घरी येणार ना? ती म्हणाली, "आमची रास हाय गं." तिच्या गल्लीतल्या दुसऱ्या पोराला विचारलं, तो म्हणाला, "आमची पण रास हाय." मी म्हणाले, "तुमची तर परवाच झाली की! मायच तुमच्या खळ्यावर होती." तो म्हणाला, "मग खळ्यावर राखण हाय." गावात तेव्हा जो तो रास सांगायला लागला. ज्याला शेत नाही त्याचीही रास. अक्का तो रविवार तिच्याच ओसरीवर बसली, त्याच्या पुढचाही तिथंच. मला रडू यायचं, ते मी घरी आल्यावर पोत्याआड जाऊन रडायचे. मायला कळायचं. "कामून रडायलीस? रास काय आयुष्यभर चालती व्हय?" असं ती म्हणायची, पण मला तेव्हाही वाटायचं, हिलाही रास लांबायला हवीच आहे. ती भिंत तिला कुणाला दाखवायची नव्हती.

येळवसेला अप्पा आला. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावास्या. त्या दिवशी सगळा मुलूख आपापल्या शेतात जेवतो, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. ज्यांना शेत नाही ते ज्यांना आहे त्यांनी बोलावलं तर जातात. आम्हाला पाटलानं बोलावलं होतं. आम्ही बांधाच्या अलीकडे बसून जेवलो. घरी आल्यावर अप्पानं विचारलं, "तो वर्ग यायलाय म्हणं आपल्या घरी?"

"व्हय," माय म्हणाली.

"आपल्यात देव न्हाई, देवाची प्रार्थना न्हाई. आपण सोडून आलोय ते सगळं. मग पोरगी कामून ह्याच्या त्याच्या घरात जाऊन गाणी म्हणायली? वस्तीतली माणसं बोलायलेत मला."

"ती ऐकायला जायलीय. लोटांगण घालायला न्हाई."

"आणि आपल्या घरी आल्यावर पोरगी काय शिकवणार? रिकामा कोनाडा?"

मी म्हणाले, "अप्पा, वंदना. त्रिशरण, पंचशील. मला सगळं पाठ हाय."

 भिंतीवर आमचे दोन फोटो होते, एक डोळे मिटून बसलेला आणि एक निळ्या कोटातला. अप्पानं निळ्या कोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हण बघू." मी म्हटलं. कुठंच अडखळले नाही. तो उठला, बाहेर जाऊन बिडी ओढली आणि परत आत येऊन मायला म्हणाला, "भिंत ह्या आठवड्यात घालू. मी थांबतो." ते दिवस म्हणजे त्याची गिरणीतली मजुरी. मला ते तेव्हा कळलं नव्हतं.

भिंत झाली. कापणीच्या मजुरीवर पाटलाकडून तुराट्यांचे भारे मिळाले. अप्पानं काटक्या बांधल्या, मायनं माती मळली, मी पाणी ओतलं. ओल्या शेणमातीच्या खाली नव्या तुराट्यांचा वास दाबून बसलेला असतो. भिंत वाळत जाते तसा तो हळूहळू बाहेर येतो. त्या रात्री मी भिंतीला नाक लावून झोपले, आणि सकाळी माझ्या नाकावर माती होती. मायनं ती पदरानं पुसली. हसली. मायला त्या हिवाळ्यात हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं असेल.

मग रविवार आला आणि मायनं जे केलं ते आमच्यासारख्या घरातली बाईच करू शकते. ती पाटलिणीकडे गेली आणि एक तांब्याची घागर आणि स्टीलचे ग्लास मागितले. एवढंच नाही, घागर पाटलाच्याच विहिरीवर पाटलाच्याच गड्याकडून भरून घेतली आणि त्यानंच ती आमच्या दाराशी आणून ठेवली. मायनं तिला हातसुद्धा लावला नाही. आमच्या घरी येऊन कुणाचं पोर तहानलेलं जाऊ नये आणि कुणाला अडचणही होऊ नये, म्हणून. तिला वाटलं होतं, किती व्यवस्थित केलं आपण.

अक्का आली. तिच्याबरोबर नसीम. बाकी कुणी नाही. आम्ही वाट पाहिली. थोड्या वेळानं मी बाहेर डोकावले तर आमच्या वस्तीच्या तोंडाशी जे कडुलिंबाचं झाड आहे तिथं गंगू उभी. मी हाका मारल्या. ती म्हणाली, "मी हितनंच ऐकते." मी म्हणाले, "आत ये की." ती म्हणाली, "आज्जीनं सांगितलंय. घरात जायचं न्हाई, पाणी प्यायचं न्हाई. ऐकायचं तर ऐक म्हणली." आजीची तेवढी मुभा होती. गंगू खोटं बोलली नाही, रास आहे म्हणाली नाही, म्हणून ती मला तेव्हाही आवडली.

अक्का सतरंजीवर बसली. तिची नजर घागरीवर गेली. भांड्यांवर नावं घालतात तसं तिच्यावर पाटलाच्या वडिलांचं नाव टिंबाटिंबांनी घातलेलं होतं. अक्का मराठी अक्षरं लावून लावून वाचायची. तिनं ते नाव मोठ्यानं वाचलं.

"हे पाटलाचं पाणी आहे काय?"

"व्हय अक्का," माय म्हणाली. "चांगलं हाय. गड्यानं भरलंय. म्या हात लावला न्हाई."

"पाटलाच्या घरी जाऊ तेव्हा पाटलाचं पिऊ. आज मी तुमच्या घरी आले, सुजाच्या माय. तुमचं पाणी कुठाय?"

मायचा चेहरा मला अजून दिसतो. ती म्हणाली, "अक्का, माझं पाणी पोरांनी न्हाई पिलं तर मला काय न्हाई वाटणार. सवय हाय. पण कुणी पिलं आणि घरी जाऊन मार खाल्ला तर? ते माझ्या पाण्यापायी व्हायला नगं."

  अक्का म्हणाली, "प्यायचं का न्हाई ते ज्याचं त्यानं बघायचं. पण तुम्ही ठेवलंच न्हाई तर ते बघणार तरी काय?"

माय उठली. कोपऱ्यात आमचा माठ होता, काठाशी टवका उडालेला. तिनं तो पुढे आणला. पाटलाची घागर तिथंच राहिली, भरलेली.

मग मी शिकवलं. आयुष्यातला माझा पहिला तास तोच. एकेक शब्द मी म्हणायचे आणि अक्का, नसीम माझ्यामागे म्हणायच्या. नवी भिंत अजून पुरती वाळली नव्हती, आवाज तिच्यात मुरायचा. बाहेर कडुलिंबाखालून तिसरा आवाज यायचा, अर्धं चुकीचं, पण यायचा. नसीम मध्येच म्हणाली, "ये तो हमारे दादा के जैसाच है. समजता नै, लेकिन अच्छा लगता." मग मायनं आमच्या माठातलं पाणी दिलं. अक्का प्यायली. नसीम प्यायली आणि अजून मागितलं. एक ग्लास मायनं भरून उंबऱ्यावर ठेवला, बाहेरून दिसेल असा.

"काय घेऊन चाललात?" अक्कानं विचारलं.

"भिंत," नसीम म्हणाली.

"इतकी मोठी?"

"बास ले को जाती," म्हणून नसीमनं भिंतीला नाक लावलं आणि मी लावते तसाच मोठा श्वास घेतला.

अक्का बाहेर गेली. कडुलिंबाशी जाऊन तिनं गंगूलाही तेच विचारलं. नियम सगळ्यांना एकच. गंगू तेवढा वेळ उन्हात उभी होती. ती म्हणाली, "अक्का, मला तहान लागलीय." आणि घराकडे पळाली.

उंबऱ्यावरचा ग्लास संध्याकाळपर्यंत तसाच होता. मायनं तो उचलला नाही. अक्का निघताना मायला म्हणाली होती, "एक दिवस सगळी येतील बघा. मग पाणी देऊन देऊन दमाल." माय म्हणाली होती, "दमू द्या की अक्का. तूर कापून दमतेच न्हवं."

आमच्या घराची पाळी दुसऱ्यांदा यायच्या आधीच कंपाउंडरांची बदली झाली. अक्का गेली आणि वर्ग संपला. पोरं दोन रविवार तिच्या बंद ओसरीवर जाऊन बसली, मग क्रिकेट खेळायला लागली.

मी कॉलेजला गुलबर्ग्याला गेले तेव्हा वसतिगृहाच्या वाटेवर डाळीच्या गिरण्या होत्या. तिथून जाताना तोच वास यायचा, यंत्रात भरडलेला. अप्पानं उचललेली पोती मी मनातल्या मनात ओळखायचे. अक्का तेव्हा गुलबर्ग्यातच एका लहान घरात राहायची, यजमान गेले होते, गुडघे गेले होते. मी रविवारी तिच्याकडे जायचे. ती ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यायची आणि प्रत्येक वेळी विचारायची, "सुजा, माय दमली काय गं?"

"अजून न्हाई, अक्का."

"मग तू काय करायलीस?"

मी हसून टाळायचे. परीक्षा आहे म्हणायचे. परीक्षा होत्याही. मी बी.एड. करत असताना अक्का गेली. त्या मंडळींनी अंगणात बसून सगळ्या धर्मांतलं थोडं थोडं म्हटलं. मी पंचशील म्हटलं. मला नसीमची फार आठवण आली. ती लग्न होऊन हैदराबादला गेली होती. मग लोकांनी पाणी दिलं, मी प्यायले, आणि विचारायला कुणी नव्हतं की आज ह्या घरातून काय घेऊन चाललीस.

गावात आता पैसा आला आहे. आमचं घर विटा-सिमेंटचं झालं. माझ्या पगारातून झालं, हेही सांगते. अप्पाला त्यात दोन हिवाळे मिळाले. पडवीकडची भिंत मात्र मायनं तुराट्यांचीच ठेवायला लावली. गवंडी म्हणाला, "बाई, लोक हसतील." माय म्हणाली, "हसू दे. तू बांध." गावात आता प्रत्येकाचा आपला आपला भोंगा, आपली आपली शिकवणी. ह्या गल्लीतल्या पोराला त्या गल्लीतल्या पोराच्या घरात काय म्हणतात ते ठाऊक नाही. नावं ठाऊक आहेत, शिव्या ठाऊक आहेत. मला जे हवंसं वाटतं ते ह्यात कुठंच नाही. तशी पंक्चरच्या दुकानात धरलेली जपून ओंजळ नाही. उन्हात उभं राहून दुसऱ्याचं चुकीचं का होईना म्हणणारं कुणी नाही. आपण लहान होतो म्हणून ते दिवस बरे वाटतात, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ते दिवस बरे नव्हतेच. भिंतीतून वारा यायचा. पण कुणीतरी आमच्या घरी यायचं ठरवलं होतं.

म्हणून मी वर्ग सुरू केला. शनिवारी यायचं, रविवारी सकाळी बसायचं, अक्काचेच नियम. आधी फक्त आमच्या वस्तीतली पोरं आली. मग नसीमच्या भावाची पोरं. त्यांच्या घरी वर्ग बसला, तिथं आता पंक्चरबरोबर मोबाइलची दुरुस्तीही होते. एका दाराशी मला विचारलं गेलं, "कोणत्या धर्माचा वर्ग हाय तुमचा, मॅडम?" मी म्हणाले, "पुढच्या रविवारी तुमच्या धर्माचा. चहा ठेवा." तो माणूस हसला आणि चहा ठेवला.

राहिली गंगू. तिला गावातच दिली, सख्ख्या मामाला. आजी कधीच गेली. आता घरात शब्द चालतो तो गंगूचा. तिला तिसरीतली एक मुलगी आहे, आणि तिच्या मागे त्या गल्लीतली पोरं चालतात. गंगू पाठवेल तर सगळी येतील, नाहीतर कुणीच नाही. वर्ग आमच्या घरी येणार ठरलं तेव्हा मी तिला सांगायला गेले. ती खळ्यावर होती. मशीन चालू होतं, भुसा उडत होता, तिच्या पापण्यांवर बसला होता. मला माय आठवली. मी ओरडून सांगितलं. तिनं ऐकलं आणि ओरडून म्हणाली, "रास हाय गं, सुजा." आणि मान खाली घातली. मी परत आले. मायला सांगितलं नाही. पण तिनं विचारलंच, "रास म्हणली का?" मी पायांवर पाणी घ्यायला गेले. "माहीतच होतं," म्हणत तिनं माठ घासायला घेतला.

गेल्या रविवारी उन्हं वर आली तेव्हा कडुलिंबाशी कलकल ऐकू आली. मी बाहेर आले. गंगू होती, हातात मुलीचा हात, मागे तिच्या गल्लीतली पोरंच पोरं. ती झाडाशी थांबली.  मला हाक मारायला भीती वाटली. मग ती तिथूनच म्हणाली, "सुजा, रास झाली आमची." आणि चालत आली, उंबरा ओलांडून आत आली, सतरंजीवर बसली. मायनं ग्लास पुढे केला. गंगूनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात संपवला. "थंड हाय," म्हणाली. मुलगी म्हणाली, "आई, मला पण."

वर्ग आमच्या घरी भरला. सगळी पोरं आली. आमच्या माठातलं पाणी सगळी प्यायली. माय पाणी देऊन देऊन दमली.